एडीसच्या अंड्याचं कवच: अकरावा ते तेरावा तास

प्रकरण रोजचंच आहे. नळाला आठवड्यातून एकदा पाणी येणारी वस्ती, दारात दोनशे लिटरचं निळं पिंप आणि आरोग्य खात्याने सांगितलेला कोरडा दिवस न चुकता पाळणारं घर. पिंप रिकामं होतं, पालथं घातलं जातं, दुपारभर उन्हात तापतं. संध्याकाळी पाणी आलं की पुन्हा भरलं जातं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी आशाताई बॅटरी घेऊन आत डोकावतात, तर अळ्या वळवळतायत. "ताई, तुमच्या डोळ्यांदेखत रिकामं केलं होतं हो," घरातली बाई म्हणते. "मग या काय आभाळातून पडल्या?" आशाताई विचारतात. दोघींचंही खरं असतं.

अशा वेळी संशय नळाच्या पाण्यावर जातो, नाहीतर शेजारच्या गटारावर. गटार बिचारं या बाबतीत निर्दोष असतं. तिथे वाढतो तो क्युलेक्स; डेंग्यू आणि चिकुनगुन्या पसरवणाऱ्या एडीस इजिप्तीला घरातलं साठवलेलं, बऱ्यापैकी स्वच्छ पाणी लागतं. नळातूनही अळ्या येत नाहीत. त्या पिंपातच होत्या. पिंप रिकामं असताना, पालथं असताना, उन्हात असतानाही होत्या. फक्त अळ्या म्हणून नव्हत्या, अंडी म्हणून होत्या, आणि पाण्यात नव्हत्या, भिंतीला चिकटलेल्या होत्या.

"डास पाण्यात अंडी घालतो" हे शाळेत पाठ केलेलं वाक्य इथे आपल्याला चकवतं. एडीसची मादी पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, ओलसर भिंतीवर अंडी चिकटवते. एका खेपेला शंभरच्या आसपास, पण सगळी एका भांड्यात नाही: थोडी पिंपात, थोडी कूलरमध्ये, थोडी फुलदाणीत. एकेक अंडं जेमतेम ०.६ मिलिमीटरचं, लांबुळकं, काळं. निळ्या पिंपात पाण्याच्या रेषेवर काजळीचे बारीक ठिपके दिसले तर ती बहुधा काजळी नसते. पाणी ओतून दिलं की अळ्या आणि कोष वाहून जातात. अंडी जिथल्या तिथे राहतात, वाळतात, आणि काही महिने जिवंत राहतात.

अर्धा मिलिमीटरच्या वस्तूत पाणी असतं तरी किती? आकाराच्या मानाने तिचा पृष्ठभाग प्रचंड. एप्रिलच्या उन्हात असा थेंब काही मिनिटांत उडून जायला हवा. तो महिनोन्‌महिने टिकतो हे कवचाचं काम, आणि या प्रकरणातला खरा प्रश्न हाच: कोणत्या कवचाचं?

आईने दिलेलं कवच

कीटकाच्या अंड्याचं बाहेरचं कवच, म्हणजे कोरिऑन, पूर्णपणे आईच्या शरीरात तयार होतं. अंडाशयात बीजांडाभोवती पेशींचा एक थर असतो. त्या पेशी त्याच्यावर प्रथिनांचे थर चढवतात आणि काम संपलं की झडून जातात. जाताना आपल्या हद्दींच्या खुणा मात्र मागे ठेवतात. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली एडीसचं अंडं पाहिलं की पाच-सहा कोनांच्या चौकटींची जाळी दिसते. प्रत्येक चौकटीत एक मोठी गाठ आणि तिच्या कडेने लहान गाठींची रांग. त्या चौकटी म्हणजे त्या मेलेल्या पेशींचे ठसे. हा बाहेरचा थर पिंपाच्या भिंतीला अंडं घट्ट धरून ठेवायलाही उपयोगी पडतो. त्याच्या आत दुसरा, सलग आणि दाट थर असतो. टोकाला एक सूक्ष्म छिद्र, कारण कवच आधी तयार होतं आणि शुक्राणू नंतर, अंडं घालण्याच्या वेळी आत जातो. त्याला वाट ठेवावीच लागते.

कवच घडवणाऱ्यापुढे एक जुनी अडचण आहे. आतल्या भ्रूणाला प्राणवायू हवा, म्हणजे कवचातून वायू आत आला पाहिजे. पण पाण्याचा रेणू प्राणवायूच्या रेणूपेक्षा लहान असतो. जिथून प्राणवायू आत येऊ शकतो तिथून पाण्याची वाफ बाहेर जाऊ शकते. ब्रिस्टल विद्यापीठातले एच. ई. हिंटन यांनी या कोड्यावर आयुष्याचा मोठा भाग घालवला. हजारो अंड्यांची कवचं त्यांनी तपासली, आणि कीटकांच्या अंड्यांवरचा त्यांचा तीन खंडांचा ग्रंथ १९८१ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी, प्रसिद्ध झाला. आईने दिलेलं कवच परिस्थितीप्रमाणे किती वेगवेगळं घडू शकतं हे पाहायचं तर डासापेक्षा स्टोनफ्लाय हा कीटक बरा.

स्टोनफ्लायची पिल्लं थंड, स्वच्छ, वाहत्या पाण्यात दगडाखाली राहतात. पश्चिम घाटातल्या ओढ्यांतही पर्लिडी कुळातल्या स्टोनफ्लाय आहेत. तिच्या अंड्याला वाळण्याची फारशी धास्ती नाही. धास्ती वाहून जाण्याची. मादी पोटाच्या टोकाशी अंड्यांचा गोळा धरून उडते आणि तो पाण्यात सोडते. पाण्यात पडताच अंडी सुटी होतात आणि तळाच्या दगडाला चिकटतात. पर्लिडी आणि तिच्या जवळच्या कुळांत कोरिऑन जाड, कडक आणि नक्षीदार असतं. अंड्याच्या एका टोकाला गळपट्टीसारखा काठ आणि त्याला लागून नांगराचं काम करणारी चिकट चकती असते. याउलट नेमूरिडीसारख्या कुळांत कोरिऑन पातळ, जवळजवळ पडद्यासारखं. चिकटण्याचं काम वरचा बुळबुळीत लेपच करतो. पर्लिडीतल्या निओपर्ला या प्रजातीत तर अंड्याची नक्षी इतकी जातिविशिष्ट असते की बाहेरून सारख्या दिसणाऱ्या माद्या अंड्यांवरून वेगळ्या ओळखता येतात. उत्तर अमेरिकेत ज्याला अनेक दशकं निओपर्ला क्लायमीनी हे एकच नाव दिलं जात होतं, ते प्रत्यक्षात अनेक जातींचं गाठोडं निघालं. ते सोडवताना नराच्या जननांगांइतकाच अंड्यांच्या कवचाचा आधार घेतला गेला.

स्टोनफ्लायची गरज, म्हणजे धरून ठेवणं, आईच्या कवचातच भागते. एडीसची तिथे भागत नाही. या प्रकरणाचा कणा हाच आहे, आणि तो कळायला बराच काळ गेला.

नुकतं घातलेलं एडीसचं अंडं पांढरं असतं. दोन-तीन तासांत ते करडं आणि मग कुळकुळीत काळं होतं. आईने कवचात ठेवलेली विकरं आणि रंगपूर्व द्रव्यं आपोआप काम करतात आणि मेलॅनिन, म्हणजे काळं रंगद्रव्य, बनतं. कवच कडकही होतं. पाहणाऱ्याला वाटावं की आता बंदोबस्त पुरा झाला. पण हे काळं, कडक अंडं या वेळी कोरड्या कागदावर ठेवलं तर ते आत पिचकतं आणि मरतं. विटांची भिंत उभी राहिली आहे, गिलावा अजून व्हायचा आहे. शिवाय या सुरुवातीच्या तासांत अंडं बाहेरचं पाणी शोषून थोडं फुगतही असतं. त्यामुळे मादीला ओली भिंतच लागते, कोरडी चालत नाही.

रिओचा प्रयोग

काही डासांच्या अंड्यांत कोरिऑनच्या आत आणखी एक आवरण असतं हे नवं नव्हतं. अमेरिकेत हारवुड आणि हॉर्सफॉल यांनी १९५९ मध्ये पूरपाण्यातल्या डासांच्या अंड्यांच्या आवरणांचं काम उलगडून दाखवलं होतं. त्याआधी १९३७ मध्ये एलिनर स्लायफर यांनी नाकतोड्याच्या अंड्यातली आवरणं कुठून येतात ते दाखवलं होतं. या आवरणाची निर्माती म्हणजे सेरोसा: भ्रूणाच्याच पेशींपासून निघालेला, पण भ्रूणाचा भाग न होणारा थर. तो भ्रूण आणि बलक या दोघांना चहूबाजूंनी वेढतो आणि आपल्या बाहेरच्या अंगाला एक क्युटिकल, म्हणजे त्वचेसारखं आवरण, स्रवतो. अंडं फुटलं की सेरोसाचं काम संपतं. तिची एकही पेशी पुढे अळीत जात नाही.

जनुकशास्त्राचा सगळ्यात लाडका प्राणी म्हणजे फळमाशी, आणि तिने उत्क्रांतीत ही सेरोसा गमावली आहे. उरलाय तो एक तोकडा अवशेष. कीटकांच्या गर्भविकासाचं बरंचसं ज्ञान फळमाशीवरून आल्यामुळे बाकी कीटकांच्या सेरोसाकडे दुर्लक्ष झालं असावं, असं मला वाटतं. प्रयोगशाळेत जो प्राणी सोयीचा असतो तोच नियम ठरतो, आणि अपवादाचा शोध घ्यायला मग साथ यावी लागते.

ब्राझीलमध्ये ती आली होती. या देशाने एडीस इजिप्तीचं निर्मूलन केल्याचं १९५८ मध्ये जाहीर झालं होतं. डास पुढच्या दोन दशकांत परतला, आणि १९८६ मध्ये रिओ दि जानेरोत डेंग्यूची मोठी साथ आली. तिथल्या ओस्वाल्दो क्रूझ संस्थेत डेनिझ व्हाली यांच्या गटात गुस्तावो रेझेंदे आणि सहकाऱ्यांनी जो प्रश्न घेतला तो ऐकायला फार साधा आहे: अंडं कोरडेपणाला दाद देईनासं होतं ते नेमकं कधी? उत्तर २००८ मध्ये प्रसिद्ध झालं.

पद्धतही साधीच. एकाच वेळी घातलेली, म्हणजे एकाच वयाची अंडी ओल्या कागदावर ठेवायची. ठरावीक तासांनी त्यांतली काही कोरड्यावर हलवायची आणि ती पिचकतात का ते पाहायचं. दहाव्या तासापर्यंत पिचकतात. तेराव्या तासानंतर पिचकत नाहीत. या दोन टोकांमध्ये हळूहळू चढत जाणारी रेघ नाही, एकदम उडी आहे. अंडं घातल्यापासून ११ ते १३ तासांच्या दरम्यान प्रतिकारशक्ती अचानक येते. याच वेळी भ्रूणाची पट्टी पूर्ण लांबलेली असते आणि सेरोसा तिचं क्युटिकल स्रवून पुरं करते.

पण दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या म्हणजे एक दुसरीमुळे घडली असं होत नाही. म्हणून त्यांनी त्या आवरणाचा पुरावाच हातात घेतला. सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे घरातलं ब्लीच, कोरिऑन विरघळवून टाकतं. लहान वयाच्या अंड्यावर ते घातलं तर मागे काही उरत नाही. तेराव्या तासानंतरच्या अंड्यावर घातलं तर काळं कवच जातं, आणि आतलं लांबुळकं, पारदर्शक आवरण भ्रूणासकट शाबूत राहतं. ते कायटिनचं, म्हणजे कीटकांच्या त्वचेतल्या चिवट द्रव्याचं, आहे का हे पाहायला दोन खुणा वापरल्या: कायटिनला चिकटून अतिनील प्रकाशात निळं चमकणारा कॅल्कोफ्लोर हा रंग, आणि कायटिनमधली साखर ओळखणारं गव्हाच्या अंकुरातलं एक प्रथिन. दोन्हींनी होकार दिला. कायटिन किती आहे तेही मोजलं. त्याहून बोलका पुरावा जनुकांचा होता. कायटिन बनवणाऱ्या एका जनुकाची दोन रूपं एडीसच्या गर्भविकासात कामाला येतात. क्युटिकल बनत असताना त्यांतलं एकच रूप चालू असतं.

थोडक्यात, एडीसच्या अंड्याला दोन कवचं आहेत आणि दोघांचे मालक वेगळे. पहिलं आईने जन्माआधी दिलेलं, दुसरं भ्रूणाने स्वतः, अंडं घातल्यानंतर, सुमारे अर्ध्या दिवसात विणलेलं. उन्हात टिकण्याची जबाबदारी मुख्यतः दुसऱ्यावर आहे.

यातली कार्यकारणाची कडी पक्की करणारं काम पुढे नेदरलँड्समध्ये झालं, तेही डासावर नाही. धान्याला लागणारा तांबडा भुंगा, ट्रायबोलियम, याच्यात एक जनुक बंद करून सेरोसाच न होऊ देता येते. लायडन विद्यापीठातल्या मौरेन व्हान डर झे यांच्या गटाने २०१३ मध्ये अशी सेरोसाविरहित अंडी दमट हवेत ठेवली, तर बरीचशी नीट फुटली. कोरड्या हवेत ठेवली, तर बहुतेक वाया गेली. कायटिन बनवणारं जनुक बंद केलं तरी कोरड्या हवेत असाच फटका बसला. भुंगा पाण्यातला नाही, डासाचा जवळचा नातलगही नाही. तरी युक्ती तीच, म्हणजे ती फार जुनी असली पाहिजे.

पाच तास, चोवीस तास, बहात्तर तास

इथे थांबलो असतो तर गोष्ट फार सुबक झाली असती: सेरोसाचं क्युटिकल आलं, अंडं अमर झालं. पण क्युलेक्स आणि मलेरिया पसरवणारा अ‍ॅनोफिलिस हे डासही हेच क्युटिकल बनवतात.

ब्राझीलमधल्याच संशोधकांनी २०१४ मध्ये तिघांची तुलना केली. क्युटिकल पूर्ण झाल्यानंतर अंडी कोरड्यात ठेवली. क्युलेक्स क्विन्क्विफॅसिएटसची अंडी पाच तास टिकली. अ‍ॅनोफिलिस अ‍ॅक्वासॅलिसची एक दिवस. एडीस इजिप्तीची निदान बहात्तर तास, म्हणजे प्रयोग चालला तोवर. ती पुढे किती टिकतात ते आपल्याला पिंपावरून ठाऊक आहेच. तिघांतही क्युटिकल बनल्यावर सहनशक्ती आधीपेक्षा वाढते. पण किती वाढते यात जमीन-अस्मानाचा फरक.

त्यांच्या सवयी पाहिल्या तर हे आकडे पटतात. क्युलेक्सची मादी पाण्यावर अंडी उभी एकमेकांना चिकटवून तराफा करते, आणि तो दीड-दोन दिवसांत फुटतो. वाळायची वेळ क्वचितच येते. अ‍ॅनोफिलिस पाण्यावर सुटी अंडी टाकते, प्रत्येकाच्या दोन्ही बाजूंना हवेचे तरंगपट्टे. डबकं आटलं तर एखादा दिवस चिखलात काढता आला तरी पुरे. भिंतीवर अंडं चिकटवून पाणी कधीतरी वर चढेल या भरवशावर निघून जाणारी एकटी एडीस.

मग फरक कशामुळे? त्याच ब्राझिली गटांनी २०१७ मध्ये रंगाकडे बोट दाखवलं. तिघांत एडीसचं अंडं सगळ्यात काळं, क्युलेक्सचं सगळ्यात फिकं, आणि टिकण्याचा क्रम हाच. पण तीन जातींवरून सिद्धांत मांडणं धोक्याचं. त्या शेकडो बाबतींत वेगळ्या असतात. म्हणून त्यांनी एकाच जातीत रंगाचा फरक शोधला. अ‍ॅनोफिलिस क्वाड्रिमॅक्युलेटस या अमेरिकन डासाची एक उत्परिवर्तित वाणाची वसाहत प्रयोगशाळेत आहे, जिची अंडी काळी होतच नाहीत, सोनेरी पिवळी राहतात. ही फिकी अंडी नेहमीच्या काळ्या अंड्यांपेक्षा कोरड्यात लवकर हरली. आईच्या कवचातलं मेलॅनिनही पाणी अडवायला हातभार लावतं तर! वर मी जबाबदारी "मुख्यतः" दुसऱ्या कवचावर आहे असं म्हटलं ते याचसाठी. काळेपणा दोन-तीन तासांत येतो आणि एकटा पुरत नाही. क्युटिकल बाराव्या तासाला येतं आणि काळेपणाशिवाय कमी पडतं.

आणि या दोघांनंतरही काही पाणी जातंच. मग आतल्या भ्रूणाने काय करायचं? याचं उत्तर आपल्याकडून आलं. बंगळुरूच्या इनस्टेम संस्थेतल्या सुनील लक्ष्मण आणि मंडीच्या आयआयटीतल्या बास्कर बक्तवचलु यांच्या गटांनी २०२३ मध्ये दाखवलं की वाळणाऱ्या अंड्यातला भ्रूण आपला चयापचयच बदलतो. पॉलिअमाइन नावाची संरक्षक द्रव्यं वाढवतो आणि ऊर्जेसाठी साठवलेल्या चरबीकडे वळतो. औषध देऊन या दोन्ही वाटा अडवल्या की वाळल्यानंतर पुन्हा भिजवलेल्या अंड्यांतून कमी अळ्या निघतात. म्हणजे कवच ही निम्मी कथा. उरलेली निम्मी कवचाच्या आत चालते, आणि तिथे रसायनांनी हात घालता येतो. डासनाशकाच्या शोधात असणाऱ्यांना या दुसऱ्या निम्म्यात रस वाटणं साहजिक आहे. मला तरी अशी कुठली फवारणी पिंपाच्या भिंतीवर लवकर पोचेलसं वाटत नाही.

ओल लागली की

एडीसच्या अंड्यातली अळी साधारण तीन दिवसांत पूर्ण तयार होते, आणि कवच न फोडता आत थांबते. वाट पाहते ती पाण्याची, पण नुसत्या पाण्याची नाही. पाणी चढलं की त्यातले जिवाणू वाढतात, विरघळलेला प्राणवायू घटतो, आणि ही घट तिच्यासाठी इशारा असते: बाहेर खायला काही आहे. प्रयोगशाळेत सगळी अंडी एकदम फोडायची असली तर पाण्यातली हवा निर्वात पंपाने ओढून घेतात, ती याच कारणाने. अळीच्या डोक्यावर एक बारीक टोकदार काटा असतो. त्याने आतून दाब दिला की कवचाचं पुढचं टोक टोपणासारखं उघडतं.

आणि सगळी अंडी पहिल्या भिजण्यात फुटत नाहीत. काही दुसऱ्या-तिसऱ्या वेळेला फुटतात. म्हणून एकदा अंडी लागलेलं पिंप पुन्हा पुन्हा अळ्या देत राहतं, मध्ये एकही मादी फिरकली नाही तरी.

याच कवचामुळे या डासांना जग फिरायला मिळालं. एडीस इजिप्ती मूळचा आफ्रिकेतला. जहाजांवरच्या पाण्याच्या पिंपांतून तो अटलांटिकपार गेला. त्याचा भाऊबंद एडीस अल्बोपिक्टस १९८५ मध्ये अमेरिकेतल्या ह्यूस्टनमध्ये वस्ती करून बसलेला आढळला, आणि त्याचा माग आशियातून आलेल्या जुन्या टायरांपर्यंत पोचला. टायर कोरडे असले म्हणून काय झालं? आत अंडी चिकटलेली असतातच. हीच गोष्ट आता उलटी वापरली जाते. डेंग्यूच्या विषाणूला डासात वाढू न देणारा वोल्बाकिया जिवाणू बाळगणाऱ्या एडीसचं वाण पुदुच्चेरीच्या व्हेक्टर कंट्रोल रिसर्च सेंटरमध्ये तयार झालं, त्याची सुरुवात ऑस्ट्रेलियाच्या मोनॅश विद्यापीठातून आणलेल्या अंड्यांनी झाली. जिवंत डास विमानाने आणण्यापेक्षा हे केव्हाही सोपं.

महाराष्ट्रात या कवचाची किंमत मोजली जाते ती पाणीटंचाईत. १९७२ च्या दुष्काळाच्या पाठोपाठ, १९७३ मध्ये सोलापूर जिल्ह्यात बार्शीला चिकुनगुन्याची साथ आली. पुण्याच्या तेव्हाच्या व्हायरस रिसर्च सेंटरने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने, तिचा तपास केला. त्यानंतर तीस वर्षांहून अधिक काळ देशात या रोगाची मोठी साथ नव्हती. २००५-०६ मध्ये तो पुन्हा आला आणि राज्यभर पसरला. मधल्या काळात विषाणू कुठे होता हा वेगळा विषय. डास मात्र कुठेच गेला नव्हता. नळाला रोज पाणी येत नसेल तर घरात साठा वाढतो, पिंपं, रांजण, सिमेंटच्या टाक्या वाढतात. पाण्याची रेषा रोज खाली-वर होत राहते, आणि एडीसला हवी असलेली ओलसर भिंतीची पट्टी आयती मिळते.

पिंपाची भिंत

कोरडा दिवस मग फोल आहे का? नाही. त्याचं गणित अळीवर बेतलेलं आहे. आपल्याकडच्या उबेत अंडं फुटल्यापासून डास उडेपर्यंत सात ते दहा दिवस लागतात. दर सात दिवसांनी पाणी ओतलं तर उडण्याआधीच सगळी फळी संपते. अडचण एवढीच की हे गणित कधीही न चुकण्यावर उभं आहे. भिंतीवरची अंडी तशीच राहिली तर गावाला गेलेला एक आठवडा, आजारपणाचा एक आठवडा पुरतो.

अंड्यांना त्यांच्या कोवळ्या अवस्थेत गाठता येईल का, हा विचार अकरा ते तेरा तासांचा आकडा वाचून कुणाच्याही मनात येईल. पण हा आकडा प्रयोगशाळेतल्या २८ अंश सेल्सियसचा, म्हणजे आपल्याकडच्या उबदार पावसाळी रात्रीच्या जवळपासचा आहे. एडीस अंडी घालते ती बहुतेक दुपार कलल्यावर, सूर्यास्ताच्या आधी. पाच वाजता घातलेलं अंडं दुसऱ्या दिवशी पहाटे सहा वाजता, आपण दात घासत असताना, कोरड्याला तयार झालेलं असतं. सकाळी दहाला रिकाम्या केलेल्या पिंपाचा त्याच्यावर काही परिणाम होत नाही. पिंप सूर्यास्तालाच रिकामं करून रात्रभर कोरडं ठेवलं तर फार तर त्या एका संध्याकाळची अंडी जातील. या खिडकीचा घरात काही उपयोग नाही, हे मान्य करायला हवं.

टेमिफॉसचे थेंब, ज्याला आपल्याकडे सगळे अ‍ॅबेट म्हणतात, पाण्यात अळ्या मारतात. गप्पी मासेही अळ्याच खातात. भिंतीवरच्या अंड्याला दोघांचंही देणंघेणं नाही. उरतो तो घासणीचा ब्रश. पाण्याच्या नेहमीच्या रेषेच्या वर-खाली वीतभर पट्टा, आतून, जोर लावून घासायचा. फडक्याने पुसून अंडं निघत नाही. घासून निघालेलं पाणी दुसऱ्या बादलीत किंवा कुंडीखालच्या ताटलीत जाऊ द्यायचं नाही; सुटं झालेलं अंडं तिथेही फुटतं. उन्हातल्या मोकळ्या मातीवर ओतलेलं बरं.

होंडुरासमधल्या एल प्रोग्रेसो शहरात हे काम जास्त हुशारीने झालं. तिथे घराघरांत कपडे धुण्याचे सिमेंटचे हौद आणि पाण्याची पिंपं असतात, आणि बायका ती ब्लीच आणि धुण्याच्या पावडरीने अधूनमधून धूतही असत. पण ब्लीच पाण्यात पातळ होऊन जाई आणि भिंतीवर टिकत नसे. संशोधकांनी नवी वस्तू आणली नाही, जुनीच सवय जरा वळवली: ब्लीच आणि पावडर एकत्र कालवून दाटसर मिश्रण करायचं, रिकाम्या हौदाच्या भिंतीला लिंपायचं, थोडा वेळ तसंच ठेवायचं, मग घासून धुवायचं. ही पद्धत १९९८ मध्ये "ला उन्तादिता" या नावाने प्रसिद्ध झाली. अर्थ साधारण "हलकंसं लिंपण". ब्लीच कोरिऑन खातं हे रिओच्या प्रयोगातही दिसलं होतंच, आणि कोरिऑन गेलं की भिंतीची पकड जाते, काळेपणा जातो, ब्रशचं काम निम्मं होतं. आपल्याकडे हे करताना एकच काळजी: संडास धुण्याचं अ‍ॅसिड किंवा अमोनियाचं कुठलंही द्रव ब्लीचच्या जवळपास आणायचं नाही, विषारी वायू सुटतो. आणि पिण्याच्या पाण्याचं भांडं असेल तर नंतर भरपूर पाण्याने खळखळून धुवायचं.

सर्वेक्षणाच्या फॉर्ममध्ये मात्र अंड्यांना जागा नाही. आशाताईंच्या कागदावर भांडं "पॉझिटिव्ह" ठरतं ते अळी किंवा कोष दिसला तर. शंभर घरांमागे अशी किती भांडी, तो ब्रेटो निर्देशांक. मे महिन्यात अळ्या कमी झाल्या की तो आकडा खाली येतो आणि कागदोपत्री वस्ती सुरक्षित दिसते, त्याच वेळी पिंपांच्या आणि बंद कूलरच्या भिंतींवर जूनची अंडी बसलेली असू शकतात. अंडी मोजायची तर वेगळा सापळा लागतो: काळ्या रंगाचं लहान भांडं, तळाशी थोडं पाणी, आत खरबरीत पट्टी. मादी पट्टीवर अंडी घालते, आठवड्याने पट्टी काढून भिंगाखाली मोजायची. अमेरिकेत १९६० च्या दशकापासून हे वापरात आहे आणि खर्च जवळपास शून्य. उन्हाळ्यात प्रत्येक वॉर्डात असे काही सापळे लावले तर पहिल्या पावसाआधीच कुठल्या गल्लीत ब्रश घेऊन जायचं ते कळेल, आणि घरमालकिणीला काळे ठिपके प्रत्यक्ष दाखवता येतील.